सुटका झालेली बाई घरी का जात नाही? देहविक्रीचा कायदा समजून घेताना

नाशिकच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून एक बातमी येते आणि तिचा साचा ठरलेला असतो. अमुक रस्त्यावरच्या स्पा सेंटरवर किंवा लॉजवर पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवून छापा टाकला, चालक आणि मॅनेजर यांना ताब्यात घेतले आणि इतक्या ‘पीडित महिलांची सुटका केली’. बातमी तिथेच संपते. सुटका झाली म्हणजे ती बाई आपल्या घरी गेली, असा वाचणाऱ्याचा समज होतो. काही वर्षांपूर्वी विधी सेवेच्या कामानिमित्त अशाच एका छाप्यातील तिशीच्या बाईला मी भेटले, तेव्हा तिच्या ‘सुटके’ला अठरा दिवस झाले होते आणि ती अजून सुधारगृहातच होती. बोलताना ती ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत होती आणि पुन्हा सोडत होती. तिने एकच प्रश्न विचारला, “मॅडम, मला सोडवलं म्हणतात, मग सोडत का नाहीत?”

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आपल्या देशाचा देहविक्रीविषयीचा कायदा मुळापासून समजून घ्यावा लागतो. त्या कायद्याचा फेरविचार व्हावा अशी मागणी अनेक वर्षांपासून होत आहे. काहींना तो अधिक कडक हवा आहे, तर काहींना तो जवळजवळ रद्दच हवा आहे. आपल्या शहरापुरता या विषयाला आणखी एक संदर्भ आहे. २०२७ च्या सिंहस्थात लाखो भाविक गोदाकाठी येतील आणि त्याआधी शहर ‘स्वच्छ’ करण्याची भाषा सुरू होईल. त्या भाषेत कचरा आणि माणूस यांच्यात गल्लत होऊ नये, एवढ्यासाठी तरी कायदा नेमका काय सांगतो हे नाशिककरांना ठाऊक असले पाहिजे.

मुळात देहविक्री हा गुन्हा आहे का?

नाही. हे वाक्य वाचून अनेकांना आश्चर्य वाटते, परंतु भारतात अठरा वर्षांवरील व्यक्तीने स्वतःच्या इच्छेने, एकटीने, खासगी जागेत पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो या व्यवहाराच्या अवतीभवतीच्या जवळपास प्रत्येक गोष्टीचा.

संबंधित कायदा आहे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. पोलीस आणि वकील त्याला बोलण्यात ‘पिटा’ म्हणतात आणि यापुढे मीही तोच शब्द वापरेन. भारताने ९ मे १९५० रोजी न्यूयॉर्क येथे एका आंतरराष्ट्रीय करारावर सही केली होती. बायका आणि मुलींची खरेदी-विक्री थांबवणे हा त्या कराराचा हेतू होता. संविधानाच्या अनुच्छेद २३ मध्येही माणसांच्या अपव्यापाराला मनाई आहे. अपव्यापार म्हणजे फसवून, धाक दाखवून, विकत घेऊन किंवा एखाद्याच्या लाचारीचा फायदा उठवून त्याला शोषणासाठी एका जागेहून दुसरीकडे नेणे किंवा ठेवून घेणे. १९५६ चा कायदा या अपव्यापाराविरुद्ध केला गेला आणि पुढे १९७८ व १९८६ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. हेतूबद्दल कोणाचा वाद नाही. वाद आहे तो त्याच्या बांधणीबद्दल.

ही बांधणी समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. कॉलेज रोडला किंवा गंगापूर रोडला विद्यार्थ्यांसाठी घरून पोळीभाजी करून देणाऱ्या अनेक बायका आहेत. समजा, असा कायदा झाला की पोळीभाजी विकणे गुन्हा नाही, परंतु शेजारीण मदतीला आली आणि दोघींनी कमाई वाटून घेतली तर ती बेकायदा खानावळ ठरेल; ओटा भाड्याने देणारा घरमालक गुन्हेगार ठरेल; ‘येथे डबे मिळतील’ अशी पाटी लावली तर तिला तुरुंगवास होईल; आणि तिच्या कमाईवर जेवणारा वीस वर्षांचा मुलगाही आरोपी ठरेल. अशा कायद्याला पोळीभाजीवर बंदी म्हणता येणार नाही, पण ती बाई कायम भीतीतच जगेल. पिटाची रचना अशी आहे. हे उदाहरण मी फक्त रचना दाखवण्यापुरते दिले. पोळ्या लाटण्यासाठी कोणी चौदा वर्षांची मुलगी पळवून आणत नाही, हा फरक मोठा आहे आणि त्याकडे पुढे यायचेच आहे.

मग गुन्हा कशाकशाचा?

कलम ३ नुसार कुंटणखाना चालवणे किंवा त्यासाठी जागा देणे हा गुन्हा आहे. चालवणाऱ्याला पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे सक्तमजुरी होते. ऐकायला हे रास्त वाटते, पण कुंटणखान्याची व्याख्या पाहा. दुसऱ्या कोणाच्या फायद्यासाठी वापरलेली जागा तर त्यात येतेच, शिवाय दोन किंवा अधिक देहविक्री करणाऱ्या व्यक्तींनी परस्परांच्या फायद्यासाठी वापरलेली खोलीही येते. मालकीण नाही, दलाल नाही, दोन मैत्रिणींनी मिळून भाडे भरले आहे. तरी तो कुंटणखानाच. एकटीने राहण्यापेक्षा दोघींनी राहणे सुरक्षित असते, हे कोणत्याही बाईला समजते. कायदा मात्र तिला एकटे राहायला भाग पाडतो.

कलम ४ म्हणजे देहविक्रीच्या कमाईवर जगणे. हे कलम दलालांसाठी आहे आणि त्यांच्यासाठी ते असलेच पाहिजे. परंतु त्यात असेही गृहीत धरले आहे की अशा बाईसोबत राहणारी अठरा वर्षांवरील व्यक्ती तिच्या कमाईवर जगते, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवर आहे. आपल्या फौजदारी कायद्यात साधारणपणे गुन्हा सिद्ध करायचा असतो तो सरकारने. इथे कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईने आपण दोषी नाही हे सांगत बसायचे.

कलम ५ माणसे मिळवून आणणाऱ्यांसाठी, तर कलम ६ डांबून ठेवणाऱ्यांसाठी आहे. ही दोन कलमे कायद्याचा कणा आहेत. डांबून ठेवणाऱ्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे आणि फेरविचार करणाऱ्या कोणत्याही शहाण्या माणसाने या दोहोंना धक्का लावू नये.

कलम ८ गिऱ्हाईक बोलावण्याविषयी आहे. खिडकीतून खुणावणे किंवा रस्त्यावर उभे राहून लक्ष वेधणे यासाठी बाईला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाच गुन्हा पुरुषाने केला तर त्याला सात दिवस ते तीन महिने. कृत्य तेच, कलम तेच, आणि जास्तीत जास्त शिक्षा बाईला दुप्पट. हे वाचून मला दर वेळी खिन्न वाटते. आजच्या घडीला असा भेद कोणी लिहून काढणार नाही, पण कायद्याच्या पुस्तकात तो छापलेला आहे.

दोनशे मीटर आणि देवळांचे शहर

कलम ७ नाशिकच्या वाचकाने विशेष लक्ष देऊन वाचावे. सार्वजनिक पूजास्थान, शाळा-कॉलेज, वसतिगृह, रुग्णालय किंवा अधिसूचित सार्वजनिक ठिकाण यापासून दोनशे मीटरच्या आत देहविक्री केली, तर ती करणारी व्यक्ती आणि गिऱ्हाईक दोघांनाही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बंद दाराआड, कोणालाही त्रास न होता झालेला व्यवहारही यात येतो.

आता हातात दोनशे मीटरची दोरी घेऊन जुन्या नाशकात फिरा. भद्रकाली मंदिरापासून सुरुवात करा, रविवार कारंजाच्या चांदीच्या गणपतीपाशी या, पूल ओलांडून पंचवटीत काळारामाकडे वळा. मधल्या गल्ल्यांतल्या मारुतीच्या घुमट्या, दर्गे, मशिदी, पालिकेच्या शाळा आणि वरच्या मजल्यावरची नर्सिंग होम धरली, तर दोरीच्या बाहेर राहील अशी जागा सापडणे कठीण. म्हणजे कायद्याने पुस्तकात दिलेली मुभा आपल्यासारख्या शहरात नकाशावर उरतच नाही. ‘गुन्हा नाही’ हे वाक्य कागदावर खरे आणि गल्लीत खोटे असते, त्याचे हे ठळक कारण.

त्याला जोड आहे कलम २० ची. अमुक व्यक्ती देहविक्री करते अशी माहिती मिळाल्यावर, लोकांच्या हितासाठी तिला त्या भागातून बाहेर काढण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. त्यासाठी तिने कोणता गुन्हा केला असणे आवश्यक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये हे कलम घटनेला धरून असल्याचे ठरवले. त्याला साठ वर्षे होऊन गेली आणि तेवढ्या काळात व्यक्तिस्वातंत्र्याविषयी त्याच न्यायालयाची समज पुष्कळ पुढे गेली आहे. मोठ्या उत्सवाच्या तोंडावर वस्त्या हटवण्याची मागणी झाली की कायद्याच्या भात्यातून निघणारा बाण हा असतो, म्हणून सिंहस्थाच्या आधी त्याची चर्चा व्हावी असे मला वाटते. नागपूरच्या गंगाजमुना वस्तीत २०२१ मध्ये पोलिसांनी नाकेबंदी करून व्यवहार बंद पाडले, तेव्हा कलम ७ खालील अधिसूचनेचा आधार घेतला गेला होता. त्या बायका कुठे जाणार, हा प्रश्न तेव्हा मागेच राहिला.

पीडित, पण कोंडलेली

आता त्या ओढणीवाल्या बाईच्या प्रश्नाकडे येऊ. छाप्यात सापडलेल्या बाईला कायदा सहसा पीडित मानतो. कलम १७ नुसार तिला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाते. तिचे वय, तिची प्रकृती, तिच्या आईवडिलांची किंवा नवऱ्याची परिस्थिती यांची चौकशी परिविक्षा अधिकाऱ्यामार्फत होते आणि चौकशी चालू असताना तिला तीन आठवड्यांपर्यंत ठेवून घेता येते. चौकशीनंतर तिला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे असे वाटले, तर संरक्षणगृहात, ज्याला बोलण्यात सुधारगृह म्हणतात तिथे, एक ते तीन वर्षे ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. सोळा वर्षांच्या मुलीसाठी या तरतुदीचे मोल अपार आहे, कारण तिला विकणारा अनेकदा घरातलाच असतो आणि तिला लगेच घरी पाठवणे म्हणजे पुन्हा बाजारात पाठवणे. पण तिशीच्या बाईला, तिने काहीही गुन्हा केलेला नसताना, तिच्याच भल्यासाठी वर्षभर कुलपात ठेवणे याला संरक्षण म्हणायला माझे मन धजत नाही.

याहून विचित्र आहे कलम १०अ. कलम ७ किंवा ८ खाली दोषी ठरलेल्या बाईला तुरुंगवासाऐवजी सुधारणेसाठी दोन ते पाच वर्षे संस्थेत ठेवता येते. पहिल्या वेळी मूळ शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने, आणि तिच्यावर दया म्हणून पाच वर्षांपर्यंत!

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुणींच्या प्रकरणात या पद्धतीवर बोट ठेवले. त्या तिघी सज्ञान होत्या, त्यांच्यावर कोणता खटला नव्हता, तरी त्यांना संस्थेत ठेवण्याचा आदेश झाला होता. न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी तो रद्द केला. देहविक्री हा स्वतः गुन्हा ठरवणारी तरतूद कायद्यात नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. त्या ओढणीवाल्या बाईच्या सुटकेसाठी केलेल्या अर्जात मी हाच निकाल जोडला होता.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नेमके काय म्हटले?

‘देहविक्री कायदेशीर झाली’ असे संदेश त्या वर्षी मोबाइलवर खूप फिरले. तसे काही झाले नव्हते, म्हणून हा भाग थोडा सविस्तर सांगते.

कोलकात्यात १९९९ मध्ये देहविक्री करणाऱ्या एका बाईचा खून झाला. आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण तिथे मिटवले नाही, तर त्याचे जनहित याचिकेत रूपांतर केले आणि एक समिती नेमली. समितीपुढे तीन विषय होते: अपव्यापार रोखणे, बाहेर पडू इच्छिणाऱ्या बायकांचे पुनर्वसन, आणि ज्या या कामात आहेत त्यांना सन्मानाने जगता येईल अशी परिस्थिती. समितीने दहा शिफारशी केल्या. केंद्र सरकारने त्यांतील काहींना हरकत घेतली. शेवटी १९ मे २०२२ रोजी न्यायालयाने, संसद कायदा करेपर्यंत, त्यांतील सहा शिफारशी काटेकोरपणे पाळण्याचा आदेश राज्यांना दिला.

त्या सहा शिफारशींचा आशय असा. लैंगिक अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या देहविक्री करणाऱ्या बाईला इतर कोणत्याही पीडितेइतकीच तातडीची वैद्यकीय मदत मिळावी. संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांची प्रकरणे ठरावीक मुदतीत तपासावीत आणि त्यांना सोडावे. पोलिसांना संवेदनशीलतेने वागण्याचे शिक्षण द्यावे. छाप्याच्या वेळी बायकांची ओळख उघड होईल अशी छायाचित्रे माध्यमांनी प्रसिद्ध करू नयेत. निरोधासारखी आरोग्याची साधने गुन्ह्याचा पुरावा धरू नयेत. आणि विधी सेवा प्राधिकरणांनी या बायकांना त्यांच्या हक्कांची माहिती द्यावी. याशिवाय राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर, ओळख गोपनीय ठेवून, आधार कार्ड देण्याचाही आदेश झाला.

‘सज्ञान बाई स्वेच्छेने हे काम करत असेल तर पोलिसांनी हस्तक्षेप करू नये’ ही बातम्यांत सर्वाधिक गाजलेली शिफारस आणि ‘छाप्यात बाईला अटक करू नये’ ही शिफारस, या दोन्ही त्या सहांमध्ये नाहीत. त्यांना सरकारची हरकत होती. मोबाइलवरचा संदेश आणि आदेश यांतले हे अंतर एखाद्या बाईला महागात पडू शकते, कारण संदेशावर विसंबून ती पोलिसांशी वाद घालेल आणि कायदा तिच्या बाजूने नसेल.

निरोधाचा मुद्दा अनेकांना किरकोळ वाटेल. मी वाचलेल्या एका पंचनाम्यात जप्त मुद्देमालाच्या यादीत रोख रक्कम, दोन मोबाइल आणि त्याखाली निरोधाची पाकिटे नोंदवलेली होती. ही पाकिटे सरकारच्याच एड्स नियंत्रण कार्यक्रमातून फुकट वाटली जातात. सरकार एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने पुरावा म्हणून जप्त करते. अशा वेळी बाई निरोध जवळ ठेवायचीच घाबरते आणि आजार गिऱ्हाईकामार्फत त्याच्या घरापर्यंत पोहोचतो.

इतर देशांनी काय केले?

यात तीन वाटा आहेत आणि त्यांची सतत सरमिसळ होते.

पहिली वाट परवान्याची. ती रिक्षासारखी आहे. परमिट, बॅज, ठरलेला स्टँड. हे असेल तर धंदा कायदेशीर, नसेल तर बेकायदा. नेदरलँड्सने २००० मध्ये कुंटणखान्यांवरील बंदी उठवली, जर्मनीने २००२ मध्ये हा व्यवहार कायदेशीर सेवा मानला आणि २०१७ पासून नोंदणी व आरोग्यविषयक सल्ला सक्तीचा केला. अडचण अशी की ज्या बाईला आपले नाव सरकारी वहीत नको असते, म्हणजे जी सर्वांत घाबरलेली असते, ती विनापरवाना राहते आणि पुन्हा दलालाच्या हाती जाते.

दुसरी वाट गुन्हेमुक्तीची, म्हणजे सज्ञानांमधील स्वेच्छेच्या व्यवहारावरील फौजदारी कलमे काढून टाकून त्याला कामगार, आरोग्य आणि जागेविषयीचे सर्वसाधारण नियम लावायचे. ही सायकल समजा: परमिट लागत नाही, पण कोणाला धडक दिली तर कायदा आहेच. न्यूझीलंडने २००३ मध्ये ही वाट धरली, तीही ६० विरुद्ध ५९ अशा एका मताच्या फरकाने. तिथे चारपर्यंत बायका स्वतःच्या हिमतीवर एकत्र काम करत असतील तर प्रमाणपत्र लागत नाही, म्हणजे आपल्याकडे जो कुंटणखाना ठरतो तो तिथे सुरक्षित मार्ग मानला जातो. २०१४ मध्ये तिथल्या एका बाईने कुंटणखान्याच्या चालकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली आणि तिला २५ हजार न्यूझीलंड डॉलर भरपाई मिळाली. बेल्जियमने २०२२ मध्ये हीच दिशा घेतली आणि डिसेंबर २०२४ पासून नोकरीचा करार, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा आणि कोणत्याही गिऱ्हाईकाला नकार देण्याचा हक्क दिला.

तिसरी वाट स्वीडनची. १९९९ पासून तिथे विकणे गुन्हा नाही, विकत घेणे गुन्हा आहे. पुढे नॉर्वे, आइसलँड, कॅनडा, फ्रान्स, आयर्लंड यांनी ती स्वीकारली. हॉटेलात कपबशा विसळणारा पोऱ्या सापडला की शिक्षा मालकाला होते, पोराला नाही. तसाच हा विचार. २०२४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने फ्रान्सचा असा कायदा हक्कांचे उल्लंघन करत नाही असे ठरवले. या वाटेला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे त्या उदाहरणातच दडलेले आहे: सज्ञान बाई म्हणजे हॉटेलातला पोऱ्या नव्हे. शिवाय पकडले जाण्याच्या भीतीने गिऱ्हाईक घाई करते, आडबाजूच्या जागी बोलावते, आणि माणूस कसा आहे हे पारखायला तिला वेळ मिळत नाही.

आपल्याकडे गिऱ्हाईकाचे काय, याबाबत न्यायालयांतही एकवाक्यता नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने गिऱ्हाईकांवरील खटले रद्द केले आहेत, तर केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, पैसे देणारा हा बाईला देहविक्रीस प्रवृत्त करतो, म्हणून कलम ५ त्याला लागू होते असे म्हटले. संसदेनेही एकदा प्रयत्न केला होता. २००६ च्या विधेयकात कलम ८ व २० वगळण्याचा आणि शोषित व्यक्तीकडे जाणाऱ्याला शिक्षा करण्याचा प्रस्ताव होता. ते विधेयक लोकसभेची मुदत संपल्याने बारगळले.

“पण स्वखुशीने हे काम कोण करते?”

हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण मला भेटलेल्या बायकांपैकी एकीनेही लहानपणी हे स्वप्न पाहिले नव्हते. नवऱ्याने टाकलेली, कर्जात अडकलेली, देवाला सोडलेली, गावाकडे मूल ठेवून आलेली, अशाच त्यांच्या कहाण्या. त्यांच्या संमतीमागे नाइलाज आहे, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु नाइलाजाने केलेली निवड आणि बळजबरी यांत फरक आहे. ऊसतोडीला जाणारे जोडपेही आवडीने जात नाही. आपण त्यांचा कोयता जप्त करत नाही, उचल आणि मुकादम यांच्यावर नियंत्रण मागतो. बाईपुढचे पर्याय वाढवणे हे सरकारचे काम आहे, आणि पर्याय न वाढवता तिचा उरलासुरला मार्ग तोडणे म्हणजे तिला सावकाराच्या दारात उभे करणे. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद या संघटनेतील बायका नव्वदच्या दशकापासून हेच सांगत आल्या आहेत की आमच्यासाठी निर्णय घेताना आधी आम्हाला विचारा. त्यांचे सगळेच म्हणणे मान्य करावे असे नाही, पण त्यांना न विचारता केलेला फेरविचार अपुराच राहील.

“मोकळीक दिली तर मुली पळवण्याचे प्रकार वाढतील”

ही भीती निराधार नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दीडशे देशांच्या माहितीवर आधारलेल्या एका अभ्यासात, देहविक्री कायदेशीर असलेल्या देशांत अपव्यापार होऊन येणाऱ्यांची नोंद सरासरीने अधिक दिसली. पण चोरून चालणाऱ्या गुन्ह्याची आकडेवारी मर्यादित असते, हे त्या अभ्यासकांनीच नमूद केले होते. दुसरीकडे न्यूझीलंडमध्ये कायद्यानंतर पाच वर्षांनी, २००८ मध्ये, सरकारी समितीने आढावा घेतला तेव्हा या व्यवसायातील लोकांची संख्या वाढल्याचे आढळले नाही. तो देश लहान आहे, बेटांचा आहे, आणि तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना हे काम करायला तिथे मनाई आहे. त्याची तुलना थेट आपल्याशी करता येत नाही.

माझे मत मी आकड्यांवरून नव्हे, तर आपल्या कायद्यातील तरतुदींवरून बनवले आहे. अपव्यापाराविरुद्ध आपल्याकडे वेगळी आणि कठोर कलमे आहेत. भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ किमान सात वर्षांची शिक्षा सांगते, लहान मुलांच्या बाबतीत ती किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते, आणि फसवून आणलेल्या व्यक्तीने ‘हो’ म्हटले होते का हा प्रश्नच तिथे गैरलागू ठरवला आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येकासाठी पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, आहे. (पिटात मात्र ‘बालक’ म्हणजे अजूनही सोळा वर्षांखालील. हे बदलण्यात कोणाचे काय अडते, ते मला समजत नाही.) त्यामुळे कलम ८ किंवा २० काढल्याने मुली विकणाऱ्याला एका दिवसाचीही सूट मिळत नाही. उलट वस्तीत नवी, रडणारी, कोवळी मुलगी आली हे सर्वांत आधी शेजारच्या खोलीतल्या बाईला कळते. तिला पोलीस चौकीत निर्भयपणे जाता आले, तर ती सांगेल. स्वतःच आत जाण्याची भीती असेल, तर ती दार लावून घेईल.

शेजाऱ्यांचे काय?

रात्रीबेरात्री होणारी ये-जा, दारू पिऊन चुकीच्या दारावर मारलेल्या थापा, मुलींकडे टवकारून पाहणारी माणसे यांचा त्रास खरा आहे आणि तो सहन करावा असे कोणी म्हणू नये. त्यासाठी सार्वजनिक उपद्रव, छेडछाड, अतिक्रमण यांचे कायदे आहेत आणि ते त्रास देणाऱ्याला लावावेत. त्रास बहुतेक वेळा गिऱ्हाईक देतो.

फेरविचार कुठून सुरू करावा?

तीन वाटांपैकी एकच निवडून ती पूर्ण उचलून आणावी, असे मला वाटत नाही. परवाना पद्धतीला माझा विरोध आहे, कारण आपल्याकडे परवाना म्हटला की हप्ता येतो. स्वीडनच्या वाटेमागची नैतिक तळमळ मला पटते, पण बनावट गिऱ्हाईक पाठवून होणाऱ्या छाप्यांची सवय असलेल्या यंत्रणेत तिचा भार शेवटी बाईवरच येईल, अशी मला रास्त भीती वाटते.

आधी जे निर्विवाद आहे तेवढे करावे. कलम ८ आणि २० काढावे. कलम ४ मधून आईवडील, मुले आणि अवलंबून असलेली माणसे वगळावीत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशीच तीन कलमे, म्हणजे कुंटणखाना, कमाईवर जगणे आणि सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईकाशी बोलणे यांविषयीची, बायकांची सुरक्षितता धोक्यात आणतात म्हणून एकमताने रद्द केली होती. पुढे तिथल्या संसदेने स्वीडनची वाट धरली, पण सुरक्षिततेचा मुद्दा कोणी खोडलेला नाही. दोघी-चौघींनी मिळून घेतलेल्या खोलीला कुंटणखाना म्हणू नये. सज्ञान बाईला तिच्या लेखी संमतीशिवाय एक दिवसही संस्थेत ठेवू नये, आणि जिला बाहेर पडायचे आहे तिला शिवणयंत्र देऊन बोळवू नये, घरभाडे आणि मुलांच्या शिक्षणाची सोय लावावी.

प्रत्येक तरतूद तपासताना माझ्यापुरता निकष एकच आहे: मार बसला, पैसे बुडाले, बलात्कार झाला, तर ही बाई पोलिसांकडे जाऊ शकते का?

त्या बाईच्या बाबतीत पाचव्या आठवड्यात आदेश झाला आणि ती बाहेर आली. चार दिवसांनी ती पुन्हा मला भेटायला आली. तिच्या खोलीला नवे कुलूप होते, सामान एका गोणीत भरून जिन्याखाली ठेवले होते, मुलाची वह्या-पुस्तके त्यातच होती. घरमालकाने पंधरा हजारांचे डिपॉझिट परत द्यायला नकार दिला होता. पावती तिच्याकडे होती, घड्या पडलेली, पण सही स्पष्ट होती. तक्रार करता येईल का, असे तिने विचारले. पावती पुरेशी होती, दावा सरळ होता. फक्त तक्रारीत खोली कशासाठी घेतली होती हे विचारले जाणार होते, आणि खोलीपासून देऊळ एकशे दहा पावलांवर होते. मी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिने पावती पुन्हा घडी करून पर्समध्ये ठेवली आणि मुलाच्या शाळेची वेळ झाली म्हणून उठली.